इंजिनाची हळद

चिखलोंडे गावाच्या नाक्यावर लढाऊ विमान बसवायचं ठरलं, तेव्हा कोणीच विरोध केला नाही. विरोधाला काहीतरी कारण लागतं, आणि इथे विमानालाच कारण नव्हतं. पलीकडच्या गावाने आपल्या नाक्यावर जुना रणगाडा ठेवला होता, एवढीच काय ती लष्करी गरज.

विमान ट्रेलरवरून आलं. कोन गावापासून पुढे कंटेनरांच्या रांगेत तीन तास अडकलं, पण आलं. वाजवायला बँजो लावला, नारळ फोडले, सरपंच प्रितम विमानाच्या नाकाला हार घालून उभा राहिला. सगळं यथास्थित चाललं होतं. तेवढ्यात केसरीनाथ म्हात्रे विमानाच्या मागच्या बाजूला गेले.

केसरीनाथांनी चाळीस वर्षं निजामपुऱ्यातल्या कापड कारखान्यांत लूमच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. कुठलंही यंत्र दिसलं की ते आधी मागून बघायचे. त्यांनी मागच्या भोकात डोकं घातलं आणि ओरडले, "प्रितम, आत काय न्हाय रं! पोकल हाय!"

तो आवाज विमानात घुमून सगळ्या नाक्याला ऐकू गेला.

खरं तर सोबतच्या पत्रात ते लिहिलेलं होतं. 'हलके लढाऊ विमान, नग एक, इंजिनविरहित, केवळ प्रदर्शनासाठी.' पण पत्रावरचा शिक्का बघितल्यावर खालचं कोण वाचतो? संध्याकाळपर्यंत रणगाडावाल्या गावातून निरोप आला, की तुमच्या विमानात कडबा भरून ठेवा, निदान गुरांच्या कामी येईल.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. गावाच्या अब्रूचा प्रश्न होता. विमानाला इंजिन बसवायचं, असं एकमताने ठरलं. केसरीनाथ मागच्या रांगेतून उठले.

"इंजिनच आणायचं तं आपल्या ॲम्ब्युलन्सला आणा," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, उभी हाय."

सगळे खाली बघायला लागले. नाक्यामागच्या आरोग्य केंद्रात ती पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हर रोज सकाळी येऊन तिच्यात बसायचा, कारण त्याची ड्युटी चालू होती. फक्त गाडी बंद होती. गेल्या चैत्रात भर दुपारी केसरीनाथांच्या बायकोच्या, गोदूबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याने तीनदा चावी फिरवली होती. मग तिला गोडाऊनच्या टेम्पोत घातलं. टेम्पो कंटेनरांमागे उभा राहिला तो राहिलाच. ती केसरीनाथांचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "जराशी वाट मिलते का बघा." हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणूनच सगळे खाली बघत होते.

"काका," प्रितम हळू आवाजात म्हणाला, "तुमी अर्ज करा. मी सोता बघतो."

केसरीनाथांनी अर्ज केला. तो विमान समितीवर तालुक्याहून नेमलेल्या विपुल नावाच्या सचिवाकडे गेला. विपुल सभ्य माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि तो विमानाच्या फाइलला जोडला.

"हे कशाला जोडलंत?" केसरीनाथांनी विचारलं.

"काका, गाव एक, विषय इंजिन. एका गावात इंजिनाच्या दोन फाइली चालत नाहीत. दोन्ही आता एकत्रच मंजूर होतील. आणि तुम्ही अर्जात अनुभव लिहिलाय, म्हणून तुम्हाला समितीवर तज्ज्ञ सदस्य म्हणून घेतलंय. अभिनंदन."

अशा रीतीने ॲम्ब्युलन्स कधी चालू होणार, हे विमानाला कुठलं इंजिन लागणार यावर ठरणार होतं.

समितीपुढे दोन पर्याय होते. पर्याय 'अ' परदेशी होता. जोर भरपूर, नाव मोठं, पण मिळायला चार वर्षं, आणि विमान कोणावर वापरणार ते आधी लेखी कळवायचं. पर्याय 'ब' स्वदेशी. तो सर्व दृष्टींनी उत्तम होता, फक्त अजून तयार व्हायचा होता.

"विमान उडवायचं हाय का?" केसरीनाथांनी पहिल्याच बैठकीत विचारलं.

"नाही," विपुल म्हणाला. "ते चबुतऱ्याला सिमेंटमध्ये पक्कं आहे."

"मग जोर कशाला मोजतांव?"

"काका, पण उडवायची वेळ आली तर?" प्रितम म्हणाला. "ऐन वेळेला तुमच्याकडं बघायचं का?"

इतिवृत्तात नोंद झाली: 'तज्ज्ञ सदस्यांनी जोराबाबत मौलिक मार्गदर्शन केले.'

महिन्याभरात गाव 'अ' आणि 'ब' असं फाटलं. ज्यांची गोडाऊनं परदेशी कंपन्यांना भाड्याने होती, तेही 'ब'कडे होते. 'ब'चे स्टिकर त्यांनी आपल्या परदेशी गाड्यांच्या काचांवर लावले. 'अ'वाले म्हणत, गावाला हलकं चालणार नाही. विमानच हलकं आहे हे कोणी सांगितलं, की तो 'ब'चा ठरत असे. टेमघरच्या एका स्थळाने मुलगी बघण्याआधी विचारलं, तुमचं घर 'अ' का 'ब'? चबुतरा 'अ'चा जोर सोसेल का, हे तपासायला एक उपसमिती नेमली. तिने अहवाल दिला, की इंजिन चालू केलं नाही तर सोसेल.

केसरीनाथ प्रत्येक बैठकीच्या शेवटी उठायचे आणि विचारायचे, "आणि ॲम्ब्युलन्स?" प्रत्येक बैठकीत विपुल म्हणायचा, "त्याच फाइलीत आहे, काका. सुरक्षित आहे."

आता चिखलोंड्याची एक रीत सांगायला हवी. इथे काहीही ठरायच्या आधी हळदीची तारीख ठरते. नवरी पसंत पडायच्या आधी बँजो सांगून ठेवतात, कारण नवरी मिळेल, चांगला बँजो मिळत नाही. त्याच रीतीने गावकीने इंजिनाच्या हळदीची तारीख धरली. बॅनर छापले, त्यांवर दीडशे चेहरे आले. मटणाची ऑर्डर गेली. रणगाडावाल्या गावाला मुद्दाम आमंत्रण गेलं. फक्त इंजिन कुठलं, हे राहिलं होतं.

हळदीला तीन दिवस उरले आणि एक अघटित घडलं. फाइलीतली एक बाब मंजूर झाली. ॲम्ब्युलन्सचं इंजिन लहान, म्हणून ते विपुलच्याच अधिकारात बसत होतं. ते लाकडी खोक्यात घालून आरोग्य केंद्राच्या दारात उतरवलं गेलं.

केसरीनाथांनी खोकं उघडलं. नव्या इंजिनाला तेलाचा वास होता. त्यांनी घरून पान्यांची पेटी आणली. आरोग्य केंद्रात झाडलोट करणारी कमळी झाडू टाकून जवळ आली. ती वरच्या पाड्यावरची. गोदूबाईला टेम्पोत चढवताना एका बाजूने तिनेच धरलं होतं.

"दादा, आता चालंल ही?"

"उद्या सकाळी तुलाच बसवतो पयली."

"मला नको. मी चालती हाय तवर चालती," कमळी हसली.

तेवढ्यात प्रितम आला. त्याने खोक्याभोवती एक फेरी मारली.

"काका, दोन दिवस फक्त."

"काय दोन दिवस?"

"हलदीपुरतं. विमानात बसवू. बाहेरच्याला काय कलतं, कुठलं इंजिन? हलद झाली का काढू."

"प्रितम, लाज हाय का?"

"लाज हाय म्हणूनच बोलतोय. सगला तालुका येतोय, पोकल विमान दाखवू?" मग तो खोक्यावर बसला आणि आवाज खाली आणला. "आणि एक सांगायचं राहिलं. नाक्याला काकूचं नाव देतोय. 'कैलासवासी गोदूबाई केसरीनाथ म्हात्रे चौक.' विमानाच्या बरोबर खाली, संगमरवरी पाटी. आठ महिने झाले काकूला, गावाने काय केलं? काहीच न्हाय. मलाच बरं वाटत न्हाय."

केसरीनाथांनी पाना पेटीत ठेवला. पुन्हा काढला. गोदूबाईचं नाव त्यांनी रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं बघितलं नव्हतं.

"दोनच दिवस?" त्यांनी विचारलं.

अख्ख्या गावात इंजिन बसवता येणारा माणूस एकच होता. विमानाच्या पोटात फळ्या टाकून, चार बोल्ट आवळून त्यांनीच ते बसवलं. मागून बघणाऱ्याला छान दिसत होतं.

हळद जोरात झाली. धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, म्हणायला मैनाला बोलावलं होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात धवला गोदूबाई म्हणायची आणि मैना मागून ओढायची. पुढे व्हायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. इंजिनाचा धवला तिला येत नव्हता. तिने नवरदेवाचा म्हटला, आणि मध्येच थांबून गोदूबाईच्या पाटीकडे बघत राहिली. लोकांना वाटलं, कडवं संपलं. बँजो सुरू झाला. 'अ' आणि 'ब' गळ्यात गळे घालून नाचले, कारण बसवलेलं इंजिन आपलंच आहे, अशी दोघांची खात्री होती.

तिसऱ्या दिवशी केसरीनाथ पेटी घेऊन विपुलकडे गेले.

"काढता येणार नाही, काका," विपुल म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "विमान इंजिनासहित अशी नोंद झालीय. काढायचं तर समितीचा ठराव लागेल, आणि समिती बरखास्त झाली."

"का?"

"इंजिन बसलं म्हणून. तुमचा अर्जही निकाली निघालाय. शेरा बघा. 'इंजिन पुरविण्यात आले.' खाली तज्ज्ञ सदस्याची सही आहे."

सही केसरीनाथांचीच होती, खोकं उतरवून घेताना केलेली.

त्यानंतर नाका फार गाजला. कल्याणकडून येणाऱ्या गाड्या कडेला थांबू लागल्या. आधी कडेला, मग रस्त्यातच. लोक उतरत, पाटीसकट विमानाचा फोटो घेत. केसरीनाथ रोज येऊन पाटी पुसत. पाना खिशात असे. पाटी पुसून झाली की ते एकदा वर बघत आणि घरी जात.

एका रविवारी पाटी पुसत असताना टेम्पोचा भोंगा वाजला. थांबतच नव्हता. गाड्यांच्या मागे गोडाऊनचा एक टेम्पो अडकला होता. मागे फाळक्याला टेकून कमळी बसली होती. तिच्या मांडीवर तिचा नवरा वाघ्या होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

"दादा," ती तिथूनच ओरडली, "ह्ये उडतं का?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाले.

"मग आमाला वाट तरी दे!"

केसरीनाथांनी आधी गाडीवाल्यांना हात जोडले. एक म्हणाला, दोन मिनिटं. दुसराही तेच म्हणाला. मग त्यांनी पाना काढला, बहात्तराव्या वर्षी चबुतऱ्यावर चढले आणि विमानाच्या मागच्या भोकात हात घालून पहिला बोल्ट सोडवला. दुसऱ्याला पाना लावला. टेम्पोचा भोंगा चालूच होता.

तेव्हा खालून कोणीतरी अगदी अदबीने म्हणालं, "काका, जरा बाजूला होता का? तुमच्यामुळे विमान नीट येत नाहीये."

ते तुम्ही होता. आठवत नसेल, हरकत नाही. थांबलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. सवयीने केसरीनाथ बाजूला झाले. तुमचा फोटो छान आला आहे. विमान आहे, पाटीवरचं नाव स्वच्छ वाचता येतं. डाव्या कोपऱ्यात टेम्पोचा फाळका येत होता, तो तुम्ही कापलात.