मांजराच्या लशीची निकाली कुस्ती

"माझ्या घरात मांजराला सुई लागायची न्हाय," असं अण्णासो पैलवानांनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या पोटावर मांजराची दोन पिल्लं झोपली होती. ती जागी होऊ नयेत म्हणून ही गर्जनासुद्धा त्यांनी हळू आवाजात केली.

"मग काय गेल्या साली झालं तसं होऊ द्यायचं?" बायडाबाईंनी विचारलं.

"गेल्या सालचं काढू नको."

ही २००३ सालातली गोष्ट. अण्णासो तेव्हा बासष्टीचे. कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं घर आणि घरासमोर तालीम. ऐन उमेदीत अण्णासोंनी शड्डू ठोकला की पंचगंगेवरचे बगळे उडायचे ते थेट पन्हाळ्यावर जाऊन बसायचे. अंधार पडल्यावर त्यांना परतीची वाट सापडायची नाही, म्हणून पन्हाळ्यावर बगळे जास्त आहेत. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजावेत.

असा हा माणूस म्हातारपणी मांजरांत गुंतला होता. राणी नावाची मांजरी गेल्या वर्षी व्याली, तिची तीन पिल्लं दोन दिवसांत गेली. ओकाऱ्या, जुलाब, ताप. अण्णासोंनी चमच्याचमच्यानं पाणी पाजून पाहिलं. तिसरं गेलं तेव्हा तालमीमागं खड्डा त्यांनीच खणला आणि पुढं आठ दिवस दाढी केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वस्तरा बोथट झालाय." यंदा राणीला दोन पिल्लं झाली. दोन महिने त्यांनी पिल्लांना नावंच ठेवली नाहीत. जगतात म्हटल्यावर ठेवली, ती कुस्तीच्या डावांची. एक ढाक, दुसरा घिस्सा.

आणि नेमकी तेव्हाच निशा डॉक्टरीण गल्लीत आली. बायडाबाईंच्या माहेरची, पेठ वडगावची पोरगी. जनावरांचा नवा दवाखाना टाकलेला. तिनं पिल्लांच्या पापण्या वर करून बघितल्या आणि सांगितलं, "अण्णा, गेल्या वर्षी आलता तो विषाणूचा रोग. एकदा धरला की त्याला मारणारं औषध न्हाय. आधीच लस टोचायला पायजे. आता एक, तीन आठवड्यांनी एक, मग वर्षानं. पुण्यासनं बर्फात घालून मागवते."

"आमच्या आज्ज्याच्या मांजरांना कुणी टोचलंतं?"

"तुमच्या आज्ज्याची किती पिल्लं जगली?"

अण्णासो पिल्लं घेऊन आत गेले.

खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अण्णासो सुईला घाबरायचे. नव्वद साली तालमीत आरोग्य शिबिर झालं, तेव्हा नर्सबाईंनी सुई वर धरून नुसती एक पिचकारी उडवली. अण्णासो मागच्या खिडकीतून बाहेर गेले. खिडकीला गज होते. ते गज अजून वाकलेलेच आहेत आणि नवशिक्या पैलवानांना अण्णासोंची ताकद म्हणून दाखवले जातात. पण हे तोंडावर कुणी बोलत नसे. माणूस मोठा होता आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी लंगोट बांधायला शिकवला होता.

त्यांना न कळवता पिल्लं नेऊन आणावीत म्हटलं तर तेही जमेना. अण्णासो घर सोडून जातच नसत. दिवसभर दारातल्या कट्ट्यावर, एक पिल्लू मांडीवर, एक खांद्यावर. तिकडं पुण्याहून लस आली, डॉक्टरणीच्या फ्रीजमध्ये बसली आणि घरात धुसफूस सुरू झाली. बायडाबाईंनी अबोला धरला. तीन दिवस भाकरी ताटात पडताना आवाज यायचा, एवढंच काय ते संभाषण.

चौथ्या दिवशी तालमीचे गणपतराव वस्ताद मध्ये पडले.

"अण्णा, तोंडानं भांडून मिटायचं न्हाय हे. मातीत ठरवा."

"म्हंजे?"

"कुस्ती लावू. तुमच्याकडनं पिराजी, वैनींकडनं कृष्णात. पिराजी जिंकला तर सुई न्हाय. कृष्णात जिंकला तर टोचायचं. निकाल व्हईस्तवर सोडवायची न्हाय. शब्द?"

पिराजी हा अण्णासोंचा लाडका चेला. कृष्णात वडगावचा, पिराजीपेक्षा चार बोटं बुटका. अण्णासोंनी मनातल्या मनात दोघांना जोखलं आणि म्हणाले, "शब्द! बायडा, तुझा?"

"हां," बायडाबाई म्हणाल्या. चार दिवसांतला तो त्यांचा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या फळ्यावर खडूनं झळकलं, 'रविवारी सकाळी नऊ वाजता, मांजराच्या लशीची निकाली कुस्ती.' कोल्हापुरात कुस्ती म्हटल्यावर कशासाठी हे कोण विचारतो? दुधाच्या कट्ट्यावर बातमी गेली, तिथनं मंडईत गेली, आणि रविवारी गर्दी एवढी झाली की शेजारच्या गल्लीतल्या माणसांनी कुस्ती आवाजावरनं ऐकली. हलगीवाला आला. फेटे आले. प्रमुख पाहुणी म्हणून निशा डॉक्टरणीसाठी नारळ आणि खुर्ची ठेवली, पण ती खुर्ची रिकामीच राहिली. "अचानक केस आलीया म्हणं," वस्तादांनी सांगितलं.

एवढ्या गोंगाटात पिल्लांना कुठं आणायचं? अण्णासो त्यांना घरी ठेवून आले. दोनदा माघारी जाऊन दाराची कडी बघून आले. मग पहिल्या रांगेत बसले.

सलामी झडली. पिराजी आणि कृष्णातनं डोक्याला डोकं लावलं आणि तसेच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पिराजी एक पाऊल पुढं यायचा, कृष्णात एक मागं जायचा, मग कृष्णात पुढं, पिराजी मागं. दोन बैल मोटेला जुंपल्यासारखे.

"आरं, लग्नातला अंतरपाट धरलाय काय मधी!" गर्दीतनं कुणी ओरडलं.

"पिराजी, पट काढ! पट काढ की!" अण्णासो गुडघ्यावर आले.

"दमवालोय त्याला, अण्णा!" पिराजी आतनं ओरडला.

हलगी तर अशी कडाडत होती की समोरच्या घरातली भांडी फळीवरून चालत पुढं आली. "जरा दमानं वाजीव की!" अण्णासो म्हणाले. हलगीवाल्यानं वस्तादांकडं बघितलं आणि आणखी जोरात वाजवायला घेतली. वस्ताद पंच होते. पण त्यांचं लक्ष मातीपेक्षा मनगटावरच्या घड्याळावर जास्त होतं.

चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस झाली. दोघंही पैलवान तांबड्या मातीनं असे माखले की कोण कुणाकडचा हे विचारून घ्यावं लागत होतं. पन्नासाव्या मिनिटाला अण्णासोंच्या शेजारच्या झुंबरबाई तालमीच्या दारात आल्या, पदर कमरेला खोचला आणि ओरडल्या, "वस्ताद, पाणी आलं वो नळाला!"

आणि पिराजीत काय संचारलं कोण जाणे! त्यानं कृष्णातला उचलला, हवेत एकदा फिरवला आणि पाठीवर आपटला. कृष्णात चितपट. पडल्यापडल्या तो हसत होता. एवढ्या समाधानानं हरलेला पैलवान कोल्हापूरनं त्याआधी पाहिला नव्हता.

"चांगभलं!" अण्णासो उठले. फेटा त्यांनाच बांधला गेला. घरी आले तर बायडाबाई स्वयंपाकघरात, पिल्लं टोपलीत गाढ झोपलेली.

"हरलीस तू," ते म्हणाले.

"हरले बाई," बायडाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात स्वतःहून तूप वाढलं.

त्या दिवशी पिल्लं जरा मलूल होती. "हलगीनं दचकल्यात," असं ठरलं.

पुढं तीन आठवड्यांनी वस्ताद पुन्हा आले. "अण्णा, जिंकलासा, पर देवाला गुलाल उधळला न्हाईसा. बरं दिसत न्हाय. चला, जीप काढलीया." अण्णासो दिवसभर जोतिबाला जाऊन आले, नखशिखान्त गुलाबी होऊन. देवासमोर हात जोडून म्हणाले होते, "पिल्लांना सुईपासनं वाचीवलंस, उपकार झालं."

आणखी महिनाभरानं मागच्या गल्लीत रोग आला.

आधी एक मांजर गेलं, मग चार. अण्णासोंची भाकरी अर्धी राहू लागली. ते ढाकचं नाक दर तासाला हातानं बघायचे, घिस्सा शिंकला की उठून बसायचे. पाचव्या दिवशी सकाळी, बायडाबाई मंडईत गेल्यावर, त्यांनी दोन्ही पिल्लं भाजीच्या पिशवीत घातली, वर टॉवेल टाकला आणि तडक निशा डॉक्टरणीचा दवाखाना गाठला.

"बाई," ते म्हणाले. पिशवी टेबलावर ठेवली, पाठ फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि भिंतीला दोन्ही हात टेकले. "टोचा."

"अण्णा..."

"कुस्तीत दिलेला शब्द मोडालोय, मला ठावं हाय. काय म्हणायचं त्ये म्हणू दे गल्लीला. ह्ये दोघं जगू देत. उशीर झालाय का तेवढं सांगा." पैलवानांनी कपाळही भिंतीला टेकलं. "गेल्या सालच्या तिघांचा खड्डा मी खणलाय, बाई. आता मला खणायचा न्हाय."

डॉक्टरणीनं कुणाला तरी शब्द दिला होता, पण तिलाही तो ठेववेना. तिनं कपाटातनं एक कार्ड काढलं. "डोळे उघडा. यांच्या दोन्ही लशी झाल्यात."

अण्णासोंनी एक डोळा उघडला. "कवा?"

"पयली कुस्तीदिवशी. तुमच्या घरात. बायडाकाकूंनी धरलंतं, झुंबरकाकूंनी टॉवेल गुंडाळलाता. म्हणून तर माझी खुर्ची रिकामी."

अण्णासो स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं.

"म्हंजे पिराजी...?"

"झुंबरकाकूंचा निरोप येईस्तवर लांबवायची, असं सांगितलंतं. घिस्सा कपाटामागं शिरला, म्हणून पन्नास मिनिटं लागली."

"आनि कृष्णात?"

"त्याला पडायचं सांगितलंतं. त्याची पाठ अजून दुखतीया."

"वस्ताद घड्याळ बघत हुता..."

"व्हय."

"हलगी?"

"पिल्लं ओरडली तर तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

अण्णासोंनी कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग अगदी हळू विचारलं, "जोतिबा?"

"देवाला कुणी सांगितलं नव्हतं," डॉक्टरीण म्हणाली. "पर दुसरी लस त्याच दिवशी टोचली."

आयुष्यात ठरवून खेळलेली एकही कुस्ती अण्णासोंनी खपवून घेतली नव्हती. असं करणाऱ्या दोघांना त्यांनी एकदा मैदानातून हाकलून दिलं होतं. ते आता उठतील आणि तालमीकडं धावतील असं डॉक्टरणीला वाटलं. पण त्यांनी पिशवीतनं ढाकला बाहेर काढलं, नाकाला नाक लावलं आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते हे पाठीमागून सांगता येण्यासारखं नव्हतं.

"एवढी सगळी माणसं," ते शेवटी म्हणाले. "आनि कुणी माझ्यासमोर हसलं न्हाय."

"तुमच्या माघारी लई हसलीत."

"हसू देत की. हक्क हाय त्यांचा." त्यांनी डोळे पुसले, पिल्लं पुन्हा पिशवीत घातली. "परत कवा टोचायचं?"

"वर्षानं."

"बरं. मी आलतो हे बायडाला सांगायचं न्हाय."

"काकूंनी टोचवलं हे तुम्हाला सांगायचं न्हवतं," डॉक्टरीण म्हणाली. "आता माझ्याकडं गुपितं दोन झाली."

घरी बायडाबाई दारातच उभ्या होत्या. "पिशवी घिऊन कुठं गेलतासा?"

"पिल्लांना जरा वारं लागू दे म्हटलं."

"लागलं का?"

"सगळ्या गल्लीचं लागलं," अण्णासो म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी पिराजी आणि कृष्णातला, काही कारण न सांगता, त्यांनी दुधाच्या कट्ट्यावर नेऊन, म्हशीखाली ग्लास धरून दोन-दोन ग्लास धारोष्ण दूध पाजलं. कृष्णातला तिसराही पाजला.

रोग आला तसा गेला. ढाक आणि घिस्सा वाढले, कौलांवरनं उड्या मारायला लागले. बघता बघता वर्ष झालं. एका सकाळी अण्णासो तालमीत आले, तांबड्या मातीच्या हौदाच्या काठावर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वस्ताद, लशीचा विषय बायडानं पुन्यांदा काढलाय. माझा कडक विरोध हाय. कुस्ती लावा."

पिराजीनं कृष्णातकडं बघितलं, कृष्णातनं वस्तादांकडं.

"लावू की," वस्ताद सावधपणे म्हणाले. "कवा?"

"रविवारी. माती चांगली मऊ खणून घ्या, कृष्णातची पाठ सांभाळा." अण्णासो जायला वळले, दारापर्यंत गेले, आणि तिथनं मागं न बघताच म्हणाले, "आनि ह्या खेपेला चांगली सव्वा तास चालू द्या. मांजरं थोराड झाल्यात, धरायला येळ लागतोय."