नारळाचे जावळ

कापड या विषयात आपणांस काही शिकवील असा मनुष्य नांदूरघाटच्या पंचक्रोशीत अद्याप जन्मास यावयाचा आहे, असे वीरेशअप्पांचे स्वतःविषयी नम्र मत होते. डोळे मिटून, केवळ दोन बोटांच्या चिमटीत धरून, ते अस्सल सुती आणि मिश्र कापड वेगळे सांगत. त्यामुळे सासूबाईंनी अट घातली तेव्हा ते मुळीच डगमगले नाहीत. वास्तविक डगमगावयास हवे होते. परंतु पुढचे दिसत असते तर जगात लग्ने तरी कोणी केली असती!

प्रसंग असा होता. अप्पांची पत्नी रुद्राणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, युसूफ वडगावला गेली, त्यास चार महिने उलटले होते. कन्यारत्न झाले, महादेवी असे नाव ठेवले, कन्या दोन महिन्यांची झाली. इकडे अप्पांच्या मातोश्री दोन वर्षांपूर्वीच शिवैक्य झालेल्या. घरी दुसरे मनुष्य नाही. दुकान बंद करून घरी जावे, आपलेच कुलूप आपणच उघडावे, आणि आपल्याच हातची खिचडी आपणांसच वाढावी, या क्रमाने अप्पा इतके थकले होते की अलीकडे कुकरची शिट्टी ऐकली तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

म्हणून एका सोमवारी ते सासुरवाडीस गेले व म्हणाले, "आता तुमच्या लेकीला न्यावं म्हणतो."

सासूबाई नीलाबाई महादेवीच्या टाळूला तेल जिरवीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझी ना न्हाई, जावईबापू. पर तिनं सैपाक बघायचा, धुणं बघायचं, का लेकरू धरायचं? लेकराला धरणारं दुसरं माणूस दाखवा अन् खुशाल न्या. न्हाईतर सा महिने हितंच ऱ्हाऊ द्या."

"मी धरीन की!"

सासरे गुरुपादअप्पा बशीतून चहा पीत होते. तो चहा त्यांच्या नाकात गेला.

"तुमी?" नीलाबाई म्हणाल्या. "बारशाला उतू चाललेलं दुधाचं पातेलं धरल्यागत धरलंतं लेकराला! मी घेतलं तवा तिनं अन् तुमी संगंच श्वास सोडला."

"पंधरा दिसांनी, सोमवारी दाखवतो!" अप्पा आवेशाने उद्गारले. "छातीला बांधून! दोनी हात मोकळे ठिवून! दुकान बी चालवीन अन् लेकरू बी सांभाळीन!"

"बांधून? लेकरू हाय का गठुडं?"

दाराआडून रुद्राणी हसली. ते हसणे ऐकून अप्पांना गेल्या चार महिन्यांची सारी खिचडी आठवली आणि त्यांनी मनोमन प्रतिज्ञा केली: सोमवार म्हणजे सोमवार!

मोबाईलवर त्यांनी लेकरू बांधण्याच्या साधनांचा कसून अभ्यास केला. प्रथम पट्ट्यांचे आणि बकलांचे एक साधन मागविले. ते पार्सल चुकून मांजरसुंब्यासच उतरले, म्हणून अप्पा तेथवर जाऊन ते घेऊन आले. शेजारचा किराणा दुकानदार बिभीषण, जो अविवाहित असून इतरांच्या संसारात विशेष रस घेत असे, तो पाहावयास आला.

"कुटं गेलतास बे अप्पा? अन् हे काय, घोड्याचं जीन?"

आतील कागदावर लिहिले होते की, ज्या बालकाची मान धरली आहे अशाच बालकासाठी हे साधन वापरावे. महादेवीने मान धरली नव्हती. जीन फळीवर गेले.

दुसरा प्रकार कडीच्या झोळीचा. एका खांद्यावरून कापड घ्यावे, कडीतून ओवावे आणि ओढावे. अप्पांनी दुकानातील पडद्याची कडी घेतली व बालकाच्या जागी ज्वारीची पिशवी ठेविली. कडीने क्षणभर विचार केला, ती उघडली आणि ज्वारी दुकानभर पसरली. पुढील दोन दिवस दुकानात गिऱ्हाईक कमी व चिमण्या अधिक, अशी परिस्थिती होती.

तिसरा प्रकार लांब कापडाचा. पाच मीटर ताणणारे कापड छातीवरून, पाठीवरून, पुन्हा छातीवरून घेऊन त्यात बालकास बसवावयाचे. मोबाईलमधील एक शांत बाई हिंदीत सांगत होत्या: चेहरा सदैव दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, तिच्याखाली बोट गेले पाहिजे, गुडघे बेडकासारखे वर, आणि बालक इतके उंच असावे की मान किंचित लवविताच त्याच्या टाळूचे चुंबन घेता यावे.

"कापडच ना!" अप्पा हसले. "मग हा तर आपला घरचा खेळ!"

मात्र येथेच त्यांच्या हातून ती चूक घडली, जी केवळ कापड दुकानदाराच्याच हातून घडू शकते. ताग्यातून कापड एकदा कापले म्हणजे तो तुकडा झाला, आणि तुकड्याला गिऱ्हाईक नाक मुरडते, हे अप्पांच्या रक्तात भिनलेले होते. सरावासाठी तागा कापावा? छे! त्यांनी गुलाबी होजिअरीचा तागा गादीवर ठेवला, त्याचे मोकळे टोक कमरेला खोचले आणि स्वतःभोवती गिरक्या घेत कापड गुंडाळले. सराव संपला की उलट्या गिरक्या घ्यावयाच्या, आणि तागा पूर्ववत! या युक्तीचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्या दिवशी त्यांनी खिचडीत तूप घेतले.

आता बालकाची योजना करावयाची होती. बिभीषणाकडून त्यांनी वजनास जुळेल अशी गुळाची लहान ढेप आणली. परंतु खरी परीक्षा मानेची! म्हणून एक शेंडीवाला नारळही आणला, त्यास लेकीसाठी घेतलेले टोपडे घातले, आणि तो ढेपेच्या माथ्यावर बसविला.

"माघारी घेईन," बिभीषण म्हणाला, "पर ढेप चाटलेली नसावी अन् नारळ फुटलेला नसावा."

तेव्हापासून रोज दुपारी, बाजारपेठ पेंगत असता, अप्पा ढेप बांधून उभे राहत. पहिल्या दिवशी मान दोनदा पडली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी उकाड्याने ढेपेला घाम फुटला, ताणणारे कापड ताणत ताणत गेले, आणि दोन वाजता छातीशी असलेले बालक चार वाजता गुडघ्याच्या दिशेने निघाले. चौथ्या दिवशी मुंग्यांना पत्ता लागला. गळ्यातील इष्टलिंगाच्या दोरकावरून एक रांग वर जाई, दुसरी खाली येई. अप्पांची पाठ दुखत होती, खांदे भरून आले होते, उभ्या उभ्या त्यांना डुलकी लागत होती. तरी ते हटले नाहीत. मोबाईलमधील बाईंच्या आज्ञेनुसार दर थोड्या वेळाने मान लववून ते नारळाच्या टाळूचे चुंबन घेत.

नेमक्या अशाच एका चुंबनाच्या वेळी भिवराबाई दुकानात शिरल्या. त्यांना चोळीचे कापड हवे होते. मोतीबिंदूमुळे त्यांना जवळचे दिसत नसे आणि लांबचे त्या कल्पनेने पाहत.

"अगं बया! आली का लेक? दे, बघू दे!"

"न्हाई न्हाई, झोपलीय!" अप्पा चटकन पाठ फिरवीत म्हणाले. सोमवारपर्यंत हा सराव गुप्त राहावा, अशी त्यांची इच्छा होती. शिवाय गुळास टोपडे घालून त्याचा मुका घेणारा इसम म्हणून गावात ओळखले जावे, असे कोणास वाटेल?

परंतु टोपड्यातून शेंडी बाहेर आली होती.

"जावळ लई दाट हाय गं बाई!" भिवराबाईंनी बोटे कडाकडा मोडली. "बापावर गेलंय. दृष्ट काढ हो अप्पा."

शुक्रवारी भिवराबाई आपल्या बहिणीकडे युसूफ वडगावला गेल्या. तेथे पिठाच्या गिरणीवर त्यांना नीलाबाई भेटल्या. "बरं केलंत लेकीला धाडलंत! जावई लई कवतिकानं छातीला बांधून बसतो. अन् जावळ तर काय, निस्तं झुपक्यावानी!"

नीलाबाईंच्या नातीच्या डोक्यावर मोजून सात केस होते. आणि ती नात त्या क्षणी घरी पाळण्यात निजली होती. नीलाबाई दळण तसेच टाकून घरी आल्या.

शनिवारी सकाळी रुद्राणीचा फोन आला. "अवो, दुकानात छातीला काय बांधलंय तुमी?"

अप्पा चपापले. "कुणी सांगितलं तुला?"

"म्हंजे बांधलंय!"

"अगं, सरावाला आणलंय. थोड्या दिसांसाठी."

"कुणाचं?"

"बिभीषणचं. सोमवारी माघारी देणार हाय."

"बिभीषण भावजींचं तर लगीन बी झालं न्हाई!"

"त्याच्या लग्नाचा हितं काय संबंध?"

फोन बंद झाला. अप्पांनी चार वेळा उलट फोन केला. कोणी घेतला नाही. लेकरू रडत असेल, असे समजून ते पुन्हा गिरक्या घेऊ लागले. शेवटचे दोन दिवस उरले होते. मान अजून डावीकडे कलत होती.

दुपारी दुकानासमोर जीप थांबली. आधी नीलाबाई उतरल्या. मागून जुन्या लुगड्यात महादेवीला घेतलेली रुद्राणी. तिच्यामागून गुरुपादअप्पा, ज्यांच्या मुद्रेवरून त्यांना येथे त्यांच्या इच्छेने आणलेले नाही हे स्पष्ट दिसत होते.

सराव अपुरा, ढेप घामेजलेली, अंगावर मुंग्या! मागच्या खोलीत जाऊन सोडून येऊ, अशा विचाराने ते धावले. परंतु कापड न कापलेले! तागा गादीवरून घरंगळला, फळीवर आपटला, पायऱ्यांवरून गुलाबी वाट उलगडीत थेट रस्त्यावर गेला आणि नीलाबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

"पळता कुटं!" असे गर्जून नीलाबाईंनी ते कापड दोन्ही हातांनी धरले आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसे ओढले.

अप्पा फिरले. एक गिरकी. दुसरी गिरकी. तिसऱ्या गिरकीस टोपड्यासहित नारळ उडाला, चौकटीवर आदळला आणि टप टप करीत पायऱ्या उतरू लागला.

"अगं आई गं! लेकराचं डोस्कं!" नीलाबाईंनी किंकाळी फोडली. समोरच्या सलूनमधील अर्धी दाढी झालेला गृहस्थ फेसासकट बाहेर आला.

पाठोपाठ ढेप 'धप्' आवाज करून गादीवर बसली.

तोच शेजारच्या दुकानातून आवाज आला.

"अप्पा, नारळ फुटला आसंल तर तो तुझा बे! माघारी घेणार न्हाई!"

नीलाबाईंनी नारळ उचलला. टोपडे काढले. शेंडी न्याहाळली.

"हेच का ते दाट जावळ?"

अप्पा खाली मान घालून उभे होते. अंगाभोवती अर्धा फेरा कापड लोंबत होते आणि कानामागून एक मुंगी चालली होती. "सोमवारी चूक नको व्हायला, म्हणून सराव करत व्हतो," ते क्षीण स्वरात म्हणाले. "मान लई डुगडुगती. पाच दिसांत एवढी जमलीय."

रुद्राणी हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते सारेच हसण्याचे नव्हते. त्या गदारोळात महादेवी जागी झाली व तिने भोंगा लावला.

तेव्हा आजवर सासुरवाडीत ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता ते गुरुपादअप्पा बोलले. "पाच दिस नारळाची मान सांभाळली यानं. आता अजून काय परीक्षा घेतीस?"

"तुमी गप ऱ्हावा," नीलाबाई म्हणाल्या. "तुमी तर चार लेकरांत नारळ सुदिक धरला न्हाई."

परंतु त्यांचा स्वर उतरला होता. त्यांनी गुलाबी होजिअरी चिमटीत धरून ताणली. "कापडवाले म्हणं! हे लोंबणारं कापड लेकराला? दोन घटकंत गुडघ्याला यील की!" त्यांनी महादेवीच्या अंगाखालचे जुने लुगडे काढले. शेकडो धुण्यांनी ते सायीसारखे मऊ झाले होते, पण तसूभर ताणत नव्हते. "हे घ्या. हात वर करा."

मायलेकींनी मिळून अप्पांना बांधले. नाक दिसते का? दिसते. हनुवटीखाली बोट जाते का? जाते. गुडघे वर? वर. मोबाईलमधील बाईंना नीलाबाईंनी जन्मात पाहिले नव्हते, तरी आज्ञा त्याच! अप्पांनी सवयीने मान लवविली व टाळूचे चुंबन घेतले. ती टाळू ऊन होती आणि तिला दुधाचा वास होता. नारळात ही गोष्ट नव्हती.

महादेवीने एक हुंदका दिला, इष्टलिंगाचा दोरक इवल्या मुठीत घट्ट धरला आणि ती झोपली.

"ऱ्हाऊ द्या लेक हितं," नीलाबाई जीपकडे वळत, डोळ्यांस पदर लावीत म्हणाल्या. "नारळ मी नेते. चटणीला व्हईल."

अप्पांनी जग जिंकले होते! रुद्राणी म्हणाली, "दोन महिन्यांत सलग झोप न्हाई बघा. जरा घरी जाऊन टेकते." आणि ती गेली.

एक तास झाला. दोन झाले. अप्पा गादीवर बसू लागले की महादेवीची एक भुवई वर चढे. म्हणून ते पुन्हा उभे राहत. दोरक सोडविण्यास बोट लावले की ओठ थरथरे. म्हणून ते बोट मागे घेत. उन्हे कलली. पाय दगडाचे झाले. रस्त्यावरचा तागा बिभीषणाने गुंडाळून आणून दिला. त्यावर जीपच्या चाकाची सुबक नक्षी उमटली होती.

दिवेलागणीच्या सुमारास भिवराबाई चोळीचे कापड बदलावयास आल्या. जवळ येऊन, डोळे बारीक करून त्यांनी पाहिले.

"अप्पा! जावळ कावून काढलं एवढ्या लवकर?"

"गरम व्हतं," अप्पा म्हणाले. खुलासा करण्याइतके त्राण त्यांच्या अंगी उरले नव्हते.

त्यांची दृष्टी गादीच्या कोपऱ्याकडे गेली. तेथे ढेप आपल्या मुंग्यांसह स्वस्थ पहुडली होती. तिला मान नव्हती, दुधाचा वास नव्हता, तिच्यापायी अब्रू गेली होती. हे सर्व खरे. परंतु तिच्या अंगी एक थोर गुण होता, आणि तो पाच दिवसांत अप्पांच्या एकदाही ध्यानी आला नव्हता.

ढेप खाली ठेवता येत असे.