प्लंबर निघाला आहे

सकाळपासून सून एकच बटण दाबत होती आणि पान ढिम्म हलत नव्हतं.

पान म्हणजे एका प्लंबिंगच्या दुकानाचं वेबपेज. गिऱ्हाइकानं नाव, पत्ता, तक्रार भरून 'प्लंबर पाठवा' दाबायचं. मागणी दुकानाच्या सर्व्हरकडे जायची, तिथून उत्तर यायचं, आणि उत्तर आलं की पानावर हिरव्या अक्षरांत 'प्लंबर निघाला आहे' असं उमटायचं. उत्तर आल्यावर आपोआप चालणाऱ्या या कोडला तिच्या धंद्यात कॉलबॅक म्हणतात. तोच नेमका रुसून बसला होता. नोकरी सोडून तिनं स्वतंत्रपणे घेतलेलं हे पहिलंच काम. दुकानाचा मालक दुपारी पान बघायला यायचा होता, आणि "नाही जमलं तर आपला फोनच बरा," असं त्यानं आधीच ऐकवून ठेवलं होतं.

पत्ता तिनं घरचाच टाकला होता. खोटा पत्ता पान घेत नव्हतं. ती खबरदारी तिनंच घेतली होती.

"अगं, किती दाबशील? झिजेल ते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते खरं बटण नाहीये."

"मग खरं दाब की!"

सुनेनं एक ओळ बदलली, दाबलं. काही नाही. दुसरी बदलली, दाबलं. ब्राउझर बदलला, राउटर बंद करून चालू केला, प्रत्येक वेळी दाबलं. मागणी बाहेरच पडत नसणार, अशी तिची खात्री झाली. शेवटी ती म्हणाली, "आई, तुमच्या फोनवरून बघा बरं."

सासूबाईंनी चष्मा लावला. तक्रारीच्या रकान्यात 'सगळंच' असं भरलं आणि एकदा दाबून समाधान होईना म्हणून आणखी दोन-चारदा दाबलं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात खांद्याला पिशवी लावलेला एक गृहस्थ.

"प्लंबर. कुठं गळतंय?"

"कुठंच नाही."

"मग बोलावलं कशाला?" त्यानं मोबाइल पुढे केला. त्यावर तिचं नाव, तिचा पत्ता.

सुनेला इतका आनंद झाला की तिनं टाळीच वाजवली. "म्हणजे मागणी पोचतेय! जाताना सगळं ठीक आहे. बिघाड येतानाच्या वाटेवर आहे!"

प्लंबर दोन पावलं मागे सरकला. पण तिचा आनंद फार टिकला नाही. ही मागणी पोचली, तर मग बाकीच्या?

बेल पुन्हा वाजली.

बघता बघता सोफा भरला. पुढचे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. एकानं तर नवंकोरं बेसिनच उचलून आणलं होतं. "तक्रार 'सगळंच' होती," तो म्हणाला. "म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं?"

सासूबाईंनी चहा टाकला. सून लॅपटॉपला चिकटली. आता तिनं परत येणारं उत्तर उघडून पाहिलं, तर त्यात एक स्वल्पविराम जास्तीचा! तेवढ्यानं पानाला ते वाचता येत नव्हतं. नीट उत्तर आलं तर काय करायचं, हे तिनं पानाला शिकवलं होतं. वेडंवाकडं आलं तर काय, हे शिकवायचं राहिलं होतं. म्हणून ते मुकाट बसलं होतं. तिनं पानाला तो जास्तीचा स्वल्पविराम गाळून वाचायला शिकवलं.

इकडे खालच्या मजल्यावरच्या वहिनी डोकावल्या. "तुमच्याकडे प्लंबर आलाय म्हणे? आमचं सिंक कधीचं तुंबलंय, कुणी फिरकत नाही हो. एखादा पाठवता?"

"एखादा कशाला, दोन न्या!" सासूबाई उदार होत म्हणाल्या.

बातमी जिन्यानं वर गेली, खाली गेली. कुणाचा नळ, कुणाची टाकी, कुणाचा फ्लश. चहाचे कप अर्धवट ठेवून एकेक प्लंबर उठला. बेसिनवाला तर बेसिनसकट वरच्या मजल्यावर गेला.

आणि मग मालक आला, तो धुमसतच.

"मॅडम, दुकानात चिटपाखरू नाही! फोन केला तर म्हणतात, तुमच्या घरी आहेत. कुठायत?"

वरून ठाकठोक ऐकू आली. खालूनही.

"तुम्ही आधी बटण दाबा," सून घाईघाईनं म्हणाली. मालकानं दाबलं. झर्रकन हिरवी अक्षरं उमटली: 'प्लंबर निघाला आहे.'

"कोण निघालाय?" मालक ओरडला. "सगळे इथंच आहेत!"

गेलं काम हातचं, असं सुनेच्या मनात आलं. तेवढ्यात बेसिनवाला मोकळ्या हातानं खाली उतरला. "मालक, बेसिन बसवलं. त्यांना बाथरूमही नवं करून पाहिजे." मागोमाग दुसरा आला, त्याला शेजारची टाकी मिळाली होती. तिसऱ्याला गच्चीवरचे सगळे पाइप. मालकाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. त्यानं चहा घेतला, अर्धा कप आणखी मागून घेतला आणि पान पास झाल्याचंही जाता जाता सांगून टाकलं.

सून त्याला दारापर्यंत सोडायला गेली. बूट घालता घालता मालकानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, ते सकाळी बिघडलं होतं ना... ते महिन्यातून एखाद्या वेळी परत बिघडवता येईल का? इमारत मी सांगत जाईन."