प्रसेनजीतचं मनगट आणि केरबाचा रेडा

प्रसेनजीतनं त्या रविवारी दुपारी फक्त एकच लाडू खायचं ठरवलं होतं. एक म्हणजे एकच. (दुसऱ्याचा विचार पहिला खाऊन झाल्यावर करायचा होता. आधीच ठरवून ठेवणं त्याला हावरटपणाचं वाटायचं.)

लाडू बेसनाचे होते आणि माळ्यावर होते. माळ्यावर असण्याचं कारण गावातले डॉक्टर. त्यांनी प्रसेनजीतचा रिपोर्ट बघून सांगितलं होतं, "साखर अजून घरात आली नाही, पण दारात चप्पल काढतीया." त्या दिवसापासून त्याच्या बायकोनं, संघप्रियानं, घरातलं गोड म्हणून जे काही होतं ते उंचावर नेऊन ठेवलं. लाडू तिच्या बहिणीसाठी केलेले. बहीण मंगळवारी येणार होती. तोवर डबा माळ्यावर आणि प्रसेनजीत जमिनीवर, असा करार होता.

ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. प्रसेनजीत राहायला गडमुडशिंगीत आणि कामाला कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपवर टर्नर, लेथवर लोखंडी भाग कातणारा. वर्कशॉपात मालक धरून सात माणसं. त्यामुळं मोठ्या कारखान्यातल्या कामगारांना असतो तसला सरकारी विमा तिथं नव्हता. काम केलं तर पगार, खाडा झाला तर भोपळा.

म्हणूनच काही महिन्यांपूर्वी गणपतराव गुरुजी घरी आले होते. निवृत्तीनंतर त्यांनी विम्याची एजन्सी घेतली होती आणि ते पॉलिसीसुद्धा पाढे शिकवल्यासारखी शिकवायचे.

"हे बघ प्रसेनजीत, अपघात झाला, डॉक्टरनी लिहून दिलं की ह्याला काम जमत न्हाय, की दर आठवड्याला पाचशे रुपये. बरा होऊन कामावर जाईस्तोवर."

"गुरुजी, मला काय होतंय?"

"तुम्हाला काय होत न्हाय, हे मला ठावं हाय," संघप्रिया आतून म्हणाली. "हाताला काय झालं तर? घर त्या हातावर चाललंय." ती अंगणवाडीत शिकवायची. स्वतःच्या मानधनातनं तिनं पहिला हप्ता भरला. प्रसेनजीतनं सही केली आणि पॉलिसी ट्रंकेत गेली.

तर तो रविवार. आई, आक्काताई, पुढच्या सोप्यात घोरत होती. संघप्रिया घरामागच्या परड्यात धुणं वाळत घालत होती. प्रसेनजीतनं ज्वारीचा पत्र्याचा डबा ओढला, त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्यावर चढला. (मायक्रोमीटर लावून काम करणारा माणूस. पण लाडवापुढं मापं विसरला.) डबा हाताला लागला. झाकण निघालं. पहिला लाडू सबंध तोंडात गेला आणि त्याच क्षणी खुर्चीचा एक पाय कडकन मोडला.

प्रसेनजीत उजव्या हातावर पडला. वेदना अशी आली की कोल्हापूरपर्यंत ऐकू जाईल अशी बोंब मारावीशी वाटली, पण तोंडात जागा नव्हती. डबा घरंगळत आला तो त्यानं सांडलेल्या लाडवांसकट पायानं कॉटखाली ढकलला. संघप्रिया धावत आत आली तोवर कसाबसा घास गिळून झाला होता.

"काय झालं ओ?"

"जळमटं काढत हुतो."

संघप्रियानं त्याच्याकडं बघितलं. घरात कुठं झाडू दिसतोय का तेही बघितलं. मग पदर खोचला आणि रिक्षा बोलवायला गेली.

संध्याकाळी तो कोपरापर्यंत प्लॅस्टर घेऊन परतला. सहा आठवडे काम बंद. रिक्षातनं उतरतोय तोवर अर्धी गल्ली जमलेली. सगळ्यांत पुढं शेजारच्या बयाबाई.

"आरं देवा! कसा पडलास रं?"

आता चार बाप्यांदेखत जळमटं सांगायची? लाडू तर सांगायची सोयच नव्हती. मघाशी चौकात गावातल्या केरबाच्या म्हशींच्या कळपानं रिक्षा अडवली होती, तेच त्याच्या डोक्यात आलं आणि तोंडातनं निसटलं, "केरबाचा रेडा आला अंगावर."

एवढंच. त्याच्या बाजूनं गोष्ट तिथं संपली होती. गल्लीच्या बाजूनं ती सुरू झाली. सोमवारी त्या रेड्यापुढं एक शाळकरी पोरगी आली. मंगळवारी प्रसेनजीतनं तिला ढकलून रेड्याची शिंगं धरली. बुधवारी बयाबाईंनी ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. प्रसेनजीतनं एकदा "तसं न्हवं हो" असं म्हणून बघितलं, तर लोक म्हणाले, किती साधा माणूस!

शनिवारी पगाराचं पाकीट आलं नाही. तेव्हा घराला पहिल्यांदा नीट कळलं की ते एका मनगटावर उभं होतं. आक्काताईनं आपल्या गुडघ्याच्या गोळ्या न सांगता अर्ध्या केल्या. संघप्रियाच्या ते लक्षात आलं. तिनं ट्रंक उघडली आणि पॉलिसी नवऱ्यापुढं ठेवली.

"जावा गुरुजींकडं."

उजवा हात प्लॅस्टरात, म्हणून फॉर्म गुरुजींनीच भरायला घेतला. नाव, वय, धंदा झालं, आणि पेन थांबलं. "अपघात कसा घडला, सविस्तर."

"गुरुजी, रेडा लिहा."

"रेडा खरा का?"

प्रसेनजीत छताकडं बघायला लागला.

"हे बघ," गुरुजींनी चष्मा काढला. "खरं असंल तर तू नाचताना पड, न्हायतर झोपेत कॉटवरनं पड, कंपनी पैसे देती. खोटं निघालं तर एक दमडी न्हाय. वर माझी एजन्सी जाईल ती येगळीच."

प्रसेनजीतनं दार लावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. गुरुजींनी शुद्ध मराठीत लिहिलं, 'माळ्यावरील डब्यातून लाडू काढत असताना खुर्चीचा पाय मोडून.' पाकीट डिंकानं बंद केलं. प्रसेनजीतनं ते दोनदा दाबून बघितलं.

पंधरा दिवसांनी कंपनीचा साहेब चौकशीला आला. पातळ मिशी, बगलेत फाईल. त्यानं गल्लीच्या तोंडालाच प्रसेनजीतच्या घराचा पत्ता विचारला, आणि विचारला तो नेमका बयाबाईंना.

"विम्याचं पावणं व्हय? या की!" बयाबाईंना वाटलं, आता आपल्या माणसासाठी उभं राहायची वेळ आली. "आवो, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. रेडा असला, हत्तीवाणी! पोरगी वाचली म्हणून बरं."

साहेब पानटपरीवर गेला. तिथंही रेडा. पिठाच्या गिरणीत रेडा. तो प्रसेनजीतच्या सोप्यात येऊन बसला तेव्हा मागं सगळी गल्ली आली होती आणि त्याच्या कपाळाला आठ्या होत्या.

"तुमच्या फॉर्ममध्ये एक लिहिलंय आणि गाव भलतंच सांगतंय. बारा साक्षीदार रेडा म्हणतात. असला क्लेम मला पास करता येणार नाही."

"साहेब, फॉर्ममधलंच खरं हाय."

"आरं, कशाला लाजतोस!" बयाबाई दारातनं ओरडल्या. "साहेब, लई साधा हाय तो. करून सवरून सांगत न्हाय."

"रेडा न्हवता, बयाबाई!"

"मग मी खोटं बोलतीया व्हय रं? माज्या डोळ्यांनी बघितलंय!"

एवढ्यात गर्दीतनं वाट काढत खुद्द केरबा आला. तो आठवडाभर धुमसत होता. "कोण म्हंतंय माज्या रेड्यानं माणूस पाडला? गेल्या म्हैन्यात वडगावच्या बाजारात इकला त्येला! ही बगा पावती! गाईपरास गरीब जनावर. इकून टाकल्यावर बदनामी करताय व्हय?"

साहेबानं पावतीवरची अपघाताआधीची तारीख बघितली आणि फाईल मिटायला घेतली. "म्हणजे रेडा खोटा. मग दुसरं तरी खरं कशावरनं?"

प्रसेनजीतच्या डोळ्यापुढं आईच्या अर्ध्या गोळ्या आल्या. तो उठून उभा राहिला. बायको दारात, आई खांबाला टेकलेली, समोर सबंध गल्ली. त्यानं प्लॅस्टरचा हात छातीशी धरला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "मी लाडू चोरून खाताना पडलो."

मग आक्काताई म्हणाली, "कुठलं लाडू? मला कुणी सांगितलं न्हाय!"

"पुरावा?" साहेब म्हणाला.

तेव्हा संघप्रिया आत गेली. बाहेर आली ती एका हातात पोचा आलेला स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात खुर्चीचा मोडका पाय घेऊन. डब्याच्या तळाला लाडवाचा चुरा अजून होता.

"हे मी त्याच दिवशी कॉटखालनं काढून ठेवलं हुतं. मोडल्याली खुर्ची परड्यात हाय, पाय लावून बघा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, मी परड्यात हुते. डबा पडल्याचा आवाज आला, खुर्चीचा आला, माणसाचा आलाच न्हाय. एवढा हात मोडला आणि बोंब न्हाय, म्हंजे तोंडात काहीतरी असनार की!"

साहेबानं फाईल पुन्हा उघडली. मिशीआड ओठ हलत होते, पण तो सरकारी गांभीर्यानं लिहीत राहिला. खुर्ची बघितली, पाय लावून बघितला, डॉक्टरचा दाखला तपासला. बयाबाई एवढ्यात म्हणायला लागल्या होत्या की लाडवाचा वास त्यांना त्याच दिवशी आला होता. साहेबानं विचारलं, "ह्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून कोण सही करणार?"

"मी," संघप्रिया म्हणाली, आणि केली.

चेक सहा आठवड्यांचा आला. आक्काताईच्या गोळ्या पुन्हा पूर्वीइतक्या झाल्या, दुकानात मान वर करून जाता आलं. मनगट पूर्वीसारखं वळायला लागल्यावर प्रसेनजीत लेथवर उभा राहिला. मालकानं फक्त एवढंच विचारलं की चहाबरोबर काही गोड मागवू का.

हे सगळं झाल्यावर संघप्रिया त्याला एकच वाक्य बोलली. "मागितला असतासा तर अर्धा दिला असता." ते वाक्य त्याला मनगटापेक्षा जास्त दिवस दुखलं.

पॉलिसीची मुदत संपत आली तसे गुरुजी नवा फॉर्म घेऊन आले. प्रसेनजीतनं मोठ्या ऐटीत पेन काढलं, पण संघप्रियानं फॉर्म आपल्याकडं ओढला. तिचं अक्षर चांगलं होतं. नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला. खाली एक रकाना होता, 'विमाधारक नेहमी एखादे धोक्याचे काम करतो काय? असल्यास तपशील द्यावा.'

"लेथ लिही," प्रसेनजीत म्हणाला.

तिनं जरा विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'होय. रविवारी दुपारी घरात मोकळा असतो.'

गुरुजींनी वाचलं, मान डोलावली आणि हप्ता वाढवून सांगितला.