अंगातलं वय

धकाते सर कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याने हात पुढे केला की ते तो हातात घ्यायचे, पालथा करायचे आणि वरच्या कातडीला चिमटा काढायचे. मग चिमटा सोडून ती कातडी परत सपाट कशी होते ते डोळे बारीक करून बघायचे. झटकन बसली तर "ठीक आहे" म्हणायचे. रेंगाळली तर तोंडातून नुसतं एक "च्च" निघायचं आणि हातवाल्याचा सगळा दिवस खराब जायचा.

सर आमच्या नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती माझ्या मुलाखतीत. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. बाकीचे दोघे परीक्षक मला बेडकाचं हृदय विचारत होते. सर टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला.

"दाखल्यात पंचवीस," ते म्हणाले, "अंगात तीस. काहून बाई, झोपत नाई का तुमी?"

मी सांगितलं की दिवसा शाळेत शिकवते, एम. एस्सी.चा अभ्यास रात्री जागून केला, आणि इंदोऱ्याला एका खोलीत आम्ही सात माणसं राहतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, हे मी सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. ते बाकीच्या दोघांकडे वळले.

"घ्या हिले. पाच वर्षं जास्तीची मेहनत हिच्या अंगातच जमा आहे."

अशी मी मेश्राम बाई झाले, आणि पुढे कुणी विचारलं की मी 'धकाते सरांच्या विभागात' असं सांगू लागले. ते विभागप्रमुख नव्हते, तरी.

सरांचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक माणसाला दोन वयं असतात. एक दाखल्यावरचं, ते शाळेतल्या मास्तरांनी अंदाजाने लिहिलेलं असतं. दुसरं अंगातलं, ते आपण रोज स्वतः लिहितो. काय खातो, किती खातो, किती झोपतो, किती चिंता करतो, त्यावर. "दाखला सोडा, अंग दाखवा," हे त्यांचं पालुपद. वर्गात ते असं इंग्रजी बोलायचे की पोरं वही मिटून नुसती ऐकत राहायची. वर्गाबाहेर पाय पडला की गोळीबार चौकातली, विणकरांच्या कोष्टीपुऱ्याची बोली सुरू.

अंगातलं वय मोजायची त्यांची दुसरी पद्धत म्हणजे डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. तरुण माणूस बराच वेळ उभा राहतो, अंग म्हातारं झालं की तोल लवकर जातो. एकदा स्नेहसंमेलनाच्या फराळाच्या वेळी त्यांनी सगळ्या सायन्सच्या प्राध्यापकांना असं उभं केलं. नेमके तेव्हाच प्राचार्य आत आले. त्यांच्यासमोर त्यांचा अख्खा अध्यापकवर्ग बगळ्यासारखा, डोळे मिटून, एकेक पाय वर घेऊन उभा. गणिताचे प्रमुख तोल जाऊन चिवड्याच्या परातीत बसले. प्राचार्यांनी खुलासा मागितला. सरांनी त्यांचाच हात हातात घेतला, चिमटा काढला आणि "च्च" केलं.

लग्नात त्यांना बोलवायला लोक भ्यायचे. एका लग्नात वराच्या वडिलांनी बुंदीचा पाचवा लाडू उचलला, तर शेजारच्या पाटावरून सर शांतपणे म्हणाले, "जीजाजी, तुमचं स्वादुपिंड आत घामाघूम होऊन राहिलं. त्याले जरा बसू द्या." त्या गृहस्थांनी लाडू खाली ठेवला, पण नंतर कित्येक दिवस ते लोकांना विचारत होते की हे स्वादुपिंड नेमकं कुठं असतं.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत सरांनी पांढरे उंदीर पाळले होते. त्यांचे दोन गट. एका गटाला पोटभर खायला, त्यांचं नाव 'पाहुणे'. दुसऱ्याला सगळं सकस, पण बेताचं, त्यांचं नाव 'घरचे'. पाहुणे आधी गुबगुबीत झाले, मग सुस्त झाले, मग त्यांचे केस गळाले. घरचे मात्र पाहुणे मरून गेले तरी उड्या मारत होते. परदेशात हा प्रयोग फार पूर्वीच होऊन गेला होता, हे सरांना ठाऊक होतं. "पण नागपूरच्या उंदरानं काय म्हटलं ते तर कोणी विचारलं नाई," असं ते म्हणायचे.

विभागप्रमुखांना वासाचा त्रास व्हायचा. ते विचारायचे, "धकाते, या म्हातारपणाच्या मागे तुम्ही इतके का लागलात? तुम्ही तर पन्नाशीला आलात आणि पस्तिशीचे दिसता." खरंच दिसायचे. काळेभोर केस, ताठ पाठ. त्या प्रश्नावर मात्र सर उंदरांच्या खोलीत निघून जात.

एका पावसाळी दुपारी विभागाच्या दारात एक वाकलेले गृहस्थ उभे राहिले. धोतर, अंगात बंडी, एका पायाला फडकं बांधलेलं, डोळ्यांत मोतीबिंदूची छाया. "वासुदेव हाय का वं बाई?" त्यांनी विचारलं. मी त्यांना खुर्ची दिली आणि उंदरांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "सर, तुमचे वडील आलेत."

सर हातातलं खाणं तसंच ठेवून बाहेर आले. वाटेत मला एवढंच म्हणाले, "वडील नाई बाई. जुळा भाऊ आहे. नामदेव."

मी पुन्हा त्या गृहस्थांकडे पाहिलं. कपाळ तेच, नाकही तेच, हनुवटीवरची खळीसुद्धा तीच. एकाच चेहऱ्यावर मध्येच वीस वर्षं येऊन बसली होती. सर एवढी वर्षं सगळ्या गावाचे हात का चिमटत होते, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

नामदेवराव पाणी पीत होते. एक गिलास, मग दुसरा, मग माठच जवळ ओढला. "घसा कोरडाच पडून राहते गा वासू. काय करू?"

सरांनी एक काचेची बाटली त्यांच्या हातात दिली आणि मोरीकडे पाठवलं. परत आल्यावर परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, त्यात थेंब टाकले, आणि बर्नरवर नळी धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग पक्क्या विटेसारखं लाल. म्हणजे लघवीतून साखर नुसती वाहत होती. नामदेवराव पुढे वाकून बघत होते.

"रंग मस्त आला गा," ते म्हणाले. "लुगड्याच्या काठाले शोभून दिसन."

सरांनी पायाचं फडकं सोडलं. अंगठ्याखाली जखम होती, हातमागाच्या खड्ड्यात पायाने पावडी दाबून विणताना झालेली, महिना उलटून गेला तरी न भरलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं, साखर उतरली नाही तर पाऊल काढावं लागेल. पाऊल गेलं म्हणजे माग गेला. नामदेवरावांनी दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले, एवढंच.

सर बिनलग्नाचे. धंतोलीत एका खोलीत एकटे राहायचे. कॉलेजात शिकायला लागले तेव्हा मागाच्या खटखटीत अभ्यास होत नाही म्हणून त्यांनी घर सोडलं होतं, ते नंतर सणावारीच जायचे. त्या आठवड्यात त्यांनी एक ट्रंक रिक्षात टाकली आणि भावाच्या घरी राहायला गेले.

पुढचे काही महिने आमच्या विभागाला त्या घराच्या बातम्या रोज मिळत. इन्सुलिनची सुई सर स्वतः टोचायचे. नामदेवराव म्हणायचे, "मी काय उंदीर हाव का गा?" सर म्हणायचे, "उंदीर तुह्यापेक्षा शहाणे आहेत. ते चहा मागत नाई." घरातला साखरेचा डबा सर सकाळी पिशवीत घालून कॉलेजात आणायचे आणि फॉर्मलिनमधल्या सापांच्या कपाटात ठेवून कुलूप लावायचे. ती साखर आमच्यापैकी कुणी चहात घालायला धजावलं नाही. वहिनी, म्हणजे भागाबाई, पहिल्यांदा चिडल्या, मग त्याच भाकरीचा आकार ठरवू लागल्या. सकाळी दोघे भाऊ शुक्रवारी तलावाकडे फिरायला निघत, जखमेवर पट्टी आणि पायात सरांनी शिवून आणलेला मऊ जोडा.

का हे सगळं करायचं, ते सर भावाला त्याच्याच भाषेत सांगायचे. "सुताले खळ लावली की ते कडक होते ना? तशी ही साखर तुह्या रक्ताच्या नळ्याइले खळ लावून राहिली." नामदेवरावांना ते लगेच पटलं. "मंग धुऊन टाक," ते म्हणाले.

जखम हळूहळू भरली. पाऊल वाचलं. मोतीबिंदू काढला. दिवाळीनंतर नामदेवराव पुन्हा विभागात आले तेव्हा काठी नव्हती, आणि मी त्यांना कुणाचेही वडील समजले नसते.

त्या वर्षी कॉलेजच्या विज्ञान मंडळाने सरांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'म्हातारपण'. सभागृह भरलं होतं, कारण चिमटे काढतील अशी आशा होती. सरांनी उंदरांचे आलेख दाखवले. मग भावाला मंचावर बोलावलं आणि शेजारी उभं केलं.

"आमी दोघं एकाच बीजाचे," सर म्हणाले. "पेशीत जे लिहिलं आहे ते दोघांत सारखं. मंग फरक काहून पडला? आता काही शास्त्रज्ञ म्हणून राहिले की बीजातलं सगळंच एकदम वाचलं जात नाई. कोणता भाग उघडायचा, कोणता झाकायचा, ते अन्नानं, कष्टानं, काळजीनं ठरत असावं. आमच्या घरच्या भाषेत, उभे धागे तेच असतात. आडवा धागा कोणता टाकला त्यावर कापड ठरते."

मग त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सातवीनंतर बापानं सांगितलं, एकच शिकू शकन. नामा म्हणे, वासूले जाऊ द्या. तो मागावर बसला, मी कॉलेजात. मी जवान दिसतो यात माहं काहीच नाई. माह्या वाटचं म्हातारपण यानं काढलं."

नामदेवरावांना हे सोसेना. ते समोरच्या पोरांना समजावून सांगावं तसं म्हणाले, "याचं ऐकू नका. मले कष्ट पडले, पण याचा पगार झाला, याच्या नावाले 'प्राध्यापक' लागलं, तवा सगळ्या पुऱ्यात मी मान वर करून फिरलो. त्याचं काही मोजमाप हाय का तुमच्या सायन्सात?"

टाळ्या बराच वेळ चालल्या. मीही वाजवल्या, आणि आजूबाजूच्यांनी पाहावं अशा वाजवल्या. माझ्या विभागातला माणूस होता तो.

नंतर सरांनी या जुळ्यांच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. दोघांचे दात, डोळे, कातडी, साखर, सगळं तपासून. तो एका मासिकाने स्वीकारला. पण संपादकांनी विचारलं की सहलेखक एन. धकाते कोणत्या संस्थेत आहेत. सरांनी कळवलं, 'हातमाग, गोळीबार चौक, नागपूर.' तसंच छापून आलं.

छापील अंक आला तेव्हा सरांना थोडा ताप होता, म्हणून रविवारी दुपारी तो मीच घेऊन त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत नामदेवराव मागावर होते. सर बाजूला सतरंजीवर डोळे मिटून पडले होते. वर्ष उलटून गेलं तरी ट्रंक धंतोलीला परत गेली नव्हती.

"इतक्या आवाजात झोप लागते का सर?" मी विचारलं.

"या आवाजातच लागते, बाई," डोळे न उघडता सर म्हणाले. "धंतोलीत मले कधी धड झोप आली नाई. कारण आत्ता समजलं."

नामदेवरावांनी माग थांबवला, हात धोतराला पुसले आणि अंक घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "माहं नाव कुठी हाय?" मी बोट ठेवलं. "अन् याचं?" मी त्यानंतरच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी दोन्हीकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

"हे चुकलं. प्रोफेसर हा हाय. माहं नाव पहिले काहून?"

सर कुशीवर वळले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू माह्याआधी जन्मला. थोरल्याचं नाव पहिले असते."

नामदेवराव अंक हातात धरून उभे राहिले. मग तो भागाबाईंकडे दिला, मागावर बसले, आणि सरांना झोप लागावी म्हणून पुन्हा विणायला लागले.