पेशीला विचारणारे गणपतकाका

"काका, बरे आहात ना?" असं गणपतकाकांना विचारायची सोय नाही. "माला काय विचारतोस? माझ्या पेशीला विचार," असं ते खेकसतात.

काका वैशाखरे गावचे. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत साहेब लोक विषांचा माशांवर काय परिणाम होतो ते तपासत. तिथे काका बाटल्या धुवायला होते. उभी नोकरी बाटल्या धुतल्या आणि साहेबांचं सगळं बोलणं ऐकलं: विष आधी शरीरातल्या पेशीला कळतं, जीवाला मागाहून. निवृत्त होऊन गावी आले ते रागावूनच.

माझं मुरबाडला शेतीच्या औषधांचं दुकान आहे. दर बाजाराला काका लोणच्याच्या बरणीत ओढ्याचं पाणी आणि जिवंत मासा घेऊन येत आणि मी दिलेल्या स्टुलावर बसून बरणी गिऱ्हाइकांसमोर ठेवत.

"कल्ले बघ कसे मारतो. मेला म्हंजेच विष लागलं असं नाय रे. आधी अंडी कमी होतात, मग पिल्लं वाकडी निघतात. मरण सगळ्यात शेवटी."

"काका, मासा विकायचाय का?"

"तुला पण विकला असता. बरणीत मावत नायस."

गिऱ्हाईक हसत बाटली घेऊन जाई. मीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच गावचा एकजण कीटकनाशक मागायला आला. शेतात काडी उभी नव्हती. ओढ्याच्या डोहात ओतून मासे धरणार, हे मला कळलं. तरी मी बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यापुढे पोतं उलटं केलं. मळे, शिंगटी असले ओढ्यातले मासे, मुठे खेकडे, बोटाएवढी पिल्लं. सगळी मेलेली.

"कोणाला दिलीस?"

"आठवत नाही, काका."

"तुला कल्ले असते ना, तर आठवलं असतं."

पुढच्या बाजाराला ते पुन्हा बरणी घेऊन हजर. त्याच्या पुढच्यालाही. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो.

घरभर हंडे, टोप, डबे. सगळ्यांत डोहाच्या वरच्या अंगाला वाचलेले मासे. भाताचं पातेलंही सुटलं नव्हतं. काका कागदावर वडापाव खात होते. हात धुऊन ते पेल्या-पेल्याने पाणी बदलू लागले. "हळू गो, हळू," असं एका शिंगटीला म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काका, ती बाटली मीच दिली. मला आठवत होतं."

"माहीत हाय. ती बादली दे इकडं."

मी दिली. "माहीत होतं, तरी माझ्याच दुकानात येत राहिलात?"

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"अख्ख्या बाजारात माला बसाय स्टूल कोण देतं रे? तू एकटाच."