ओडीलबाईंची जानेवारीतली बाटली

सगळ्या गावाने साखरपाण्याच्या बाटल्या उतरवल्या, ओडीलबाईंनी नाही. सप्टेंबर लागला की बाटल्या खाली घ्यायच्या. नाहीतर हमिंगबर्ड आयत्या खाऊला चटावतात, दक्षिणेला जायचं विसरतात आणि थंडीत मरतात, हे लुइझियानातलं शेंबडं पोरही सांगेल. ओडीलबाईंच्या संत्र्याच्या झाडाला मात्र जानेवारीतही लाल बाटली लोंबत होती, आणि अंगठ्याएवढं एक तांबूस पाखरू तिच्यावर हुकूमत गाजवत होतं.

"मागच्या वर्षीचंही असंच मारलंत तुम्ही," शेजारचा क्लोव्हिस चर्चच्या जेवणात, गंबोच्या रश्श्याच्या पातेल्यासमोर सगळ्यांदेखत म्हणाला.

"मेलं नाही ते. तेच परत आलंय."

"हो का! ओळखपत्र दाखवलं वाटतं?"

लोक खो खो हसले. ओडीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाखवेल! मंगळवारी जेनेल येतेय. मागच्या हिवाळ्यात तिनेच त्याच्या पायात वाळं घातलंय. वाळं नसलं तर बाटली तुझ्यासमोर फोडीन. ये साक्षीला!"

हिवाळ्यात चुकार हमिंगबर्ड धरून त्यांच्या पायात आकडा कोरलेली इवलीशी कडी घालायची, हे जेनेलचं काम. मंगळवारी उजाडताच तिने बाटली जाळीच्या पिंजऱ्यात टांगली, दार मासेमारीच्या दोरीने वर धरलं आणि दोरी हातात घेऊन बसली. पाखरू आत गेलं की दोरी सोडायची. क्लोव्हिस कॉफीचा पेला घेऊन कुंपणाशी उभा होता.

पाखरू आलं, पिंजऱ्याकडे बघून फांदीवर बसलं, चोच पुसली आणि कुंपणापलीकडे निघून गेलं. असं चारदा झालं.

"बाई, उपाशी पाखरू आत जातंच," जेनेल म्हणाली. "याचं पोट भरलंय. आणखी बाटली आहे का कुठे?"

"माझ्याशिवाय या गावात जानेवारीत बाटली लावायची छाती आहे कुणाची?"

"दमलं असेल हो ते," क्लोव्हिस घाईघाईने म्हणाला. "राहू द्या आजच्या दिवस."

ओडीलबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि थेट त्याच्या फाटकाकडे निघाल्या.

"अहो, कुत्रा आहे माझा!"

"तो ईस्टरलाच मेला. मी फुलं आणली होती."

होडीच्या छपरामागे, ताडपत्रीच्या आडोशाला लाल बाटली टांगलेली होती. पाणी गोठू नये म्हणून शेजारी दिवासुद्धा लावलेला होता.

"गारठा फार पडला होता हो," क्लोव्हिस पुटपुटला. "मेलं असतं की ते."

ओडीलबाईंनी पिंजरा तिथेच उचलून आणला, आणि क्लोव्हिसची बाटली आत टांगताच पाखरू सरळ आत शिरलं. जेनेलने भिंगातून त्याचा पाय पाहिला. "वाळं आहे. मागच्या वर्षीचंच, बाई. तुमच्या अंगणात घातलेलं."

ओडीलबाईंचे डोळे भरून आले. पण ज्याच्या अंगणात पाखरू सापडलं त्याच्याच तळहातावरून ते सोडायचं, अशी जेनेलची रीत. क्लोव्हिसने आपला राकट पंजा पसरला आणि श्वास रोखून उभा राहिला. पाखरू क्षणभर तिथे बसलं, मग भुर्रकन उडून संत्र्याच्या झाडावर गेलं.

"ओडीलबाई," तो हळूच म्हणाला, "चर्चमध्ये बोलू नका हं."

"मी कशाला बोलू? ही बाटली तू आजच रस्त्याकडच्या दारावर टांगायचीस."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"तू मला म्हणालास तेच. तुला तर पाठच आहे."